कान देऊन : पॉडकास्टविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत ‘काय ऐकू?’ विचारणारे पुष्कळ आहेत, ‘कसं ऐकू?’ विचारणारे दोघंतिघंच. घोळ मात्र जास्त तिथंच होतो, म्हणून सुरुवात जिंतूरच्या पत्रापासून.

प्रश्न : मी घरी ब्लाऊज-फॉलचं काम करते. मशीन चालू असताना यूट्यूबवर मराठी पॉडकास्ट लावते. रोजचा दीड जीबी दुपारच्या आतच संपायलाय. स्क्रीन बंद केली की आवाजही बंद. आणि मशीनच्या खडखडाटात दोघांपैकी एकाचंच बोलणं ऐकू येतं, दुसऱ्याचं पुटपुटल्यासारखं. मोबाईल बदलावा का? — एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : ताई, मोबाईल बदलू नका. तुमचा डेटा तुम्ही बघतही नसलेल्या चित्रावर जातोय. हिशेब असा : १२८ केबीपीएसची (सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं हे माप) एमपी३ फाइल तासाला साधारण ५८ एमबी घेते. नुसत्या बोलण्याची ६४ केबीपीएसची असेल तर २९ एमबी. तोच कार्यक्रम यूट्यूबवर ४८० पी ला, म्हणजे चित्राच्या मध्यम दर्जाला लावला तर ढोबळमानानं ४०० ते ५०० एमबी. तीन-साडेतीन तासांत दीड जीबी खल्लास, तो याच हिशेबानं. स्क्रीन बंद केल्यावर आवाज चालू राहण्याची सोय यूट्यूब पैसे भरून प्रीमियम घेणाऱ्यांनाच देतं, त्यामुळे बिघाड फोनचा नाही.

प्ले स्टोअरवरून ‘अँटेनापॉड’ हे ॲप घ्या. ते अँड्रॉइडवरच चालतं, फुकट आहे आणि स्वतःच्या जाहिराती दाखवत नाही. ‘ॲड पॉडकास्ट’मध्ये कार्यक्रमाचं नाव टाका. मराठी नावं कुणी रोमनमध्ये नोंदवलेली असतात, कुणी देवनागरीत, म्हणून दोन्ही लिपींत शोधून बघा. सापडला की ‘सबस्क्राइब’, मग हव्या त्या भागापुढचा खाली जाणारा बाण दाबा. घरी वायफाय नसेल तर रात्री अकराच्या सुमारास दिवसाच्या उरलेल्या डेटात उद्याचे तीन-चार भाग उतरवून ठेवा. तसाही तो डेटा बाराला वायाच जाणार असतो. एखादा कार्यक्रम तिथं सापडलाच नाही तर स्पॉटिफायवर बघा. पॉडकास्ट उतरवून घ्यायला तिथं फुकटचं खातंही चालतं. गूगल पॉडकास्ट्स हे ॲप २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा कुणी त्याच्या पायऱ्या सांगितल्या तर सोडून द्या.

स्क्रीन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी आवाज आपोआप थांबत असेल तर ती फोनच्या बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगची करामत. सेटिंग्ज, ॲप्स, अँटेनापॉड, बॅटरी असं आत जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा.

आता त्या पुटपुटणाऱ्या माणसाबद्दल. तुम्ही बहुधा एकाच कानात इअरफोन घालता, म्हणजे गिऱ्हाइकानं हाक मारली तर कळावं. सवय चांगली आहे. पण काही कार्यक्रमांत एका बोलणाऱ्याचा आवाज डावीकडं आणि दुसऱ्याचा उजवीकडं झुकवलेला असतो. एक कान मोकळा ठेवला की एक माणूस अर्धा हरवतो. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, तिथं ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, दोघंही एकाच कानात येतील. इअरफोन मशीनपासून लांबच्या कानात घाला. वेग १.० वरच असू द्या. खडखडाटात १.५ च्या वेगानं आधी जोडाक्षरं जातात, मग अर्थ. अँटेनापॉडमधली शांतता कापून टाकणारी सोय गप्पांना चालते. कथा ऐकताना ती बंद करा, नाहीतर सांगणारा थांबतो तिथली सगळी गंमत कापली जाते.

प्रश्न : शिक्षक म्हणून निवृत्त झालो. मुलानं पुण्याहून सात-आठ पॉडकास्टची नावं पाठवली. जिथं बघावं तिथं दोन माणसं सोफ्यावर बसून एकमेकांच्या बोलण्यावर हसायलीत. तास गेला तरी हाती काही लागत नाही. ऐकण्याजोगं काय, आणि कशासाठी, ते सांगा. हिंदी-इंग्रजी चालेल. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सर, सोफ्याची तक्रार निम्मी खरी आहे. मराठीत आज जे पॉडकास्ट म्हणून चालतं त्यातलं बरंचसं कॅमेऱ्यासमोरच्या गप्पांचं आहे, आणि आवाज त्यातून नंतर काढून घेतलेला असतो. पाहुणा काहीतरी दाखवतो, सगळे हसतात, आणि ऐकणारा कोरडाच राहतो. पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. ‘आता काय झालं?’ असं दोनदा विचारावंसं वाटलं तर तो कार्यक्रम बघण्याचा आहे, ऐकण्याचा नाही. म्हणून तो वाईट ठरत नाही, पण तुमच्या ओसरीवरच्या आरामखुर्चीला तो उपयोगाचा नाही.

सुरुवात बीबीसी मराठीच्या ‘गोष्ट दुनियेची’पासून करा. एका भागात जगातला एकच प्रश्न, लिहून तयार केलेली संहिता, निवेदन कानासाठी बेतलेलं. उणीव एवढीच की पल्ला आंतरराष्ट्रीय आहे, आपल्या मातीतला विषय क्वचित भेटतो.

‘थिंक बँक’ विनायक पाचलग यांचं. राजकारण, अर्थकारण, समाज अशा विषयांवर जाणत्या माणसाच्या मुलाखती. रोज पेपर वाचणाऱ्याला हे जमेल. निवड करताना निवडणुकीच्या हवेवरचे भाग टाळा, ते महिनाभरात शिळे होतात. अर्थव्यवस्था, पाणी, शिक्षण असे विषय घ्या, ते दोन वर्षांनीही ऐकवतात.

‘मित्रम्हणे’मध्ये सौमित्र पोटे नाटक-सिनेमाच्या माणसांशी बोलतात. इथं पाहुण्यावर सगळं अवलंबून. ज्याचं काम तुम्ही पाहिलंय त्याच्यापासून सुरू करा, मग सूत्रधाराचा प्रश्न कुठं नेमका लागला ते कळतं. ‘अमुक तमुक’मध्ये ओंकार जाधव आणि शार्दूल कदम डॉक्टर, समुपदेशक अशांना घेऊन आरोग्य, मन, नातेसंबंध यांवर बोलतात. मोकळेपणा ही त्याची ताकद. पुण्या-मुंबईकडचं इंग्रजीमिश्रित बोलणं कानात बसायला तुम्हाला दोन-तीन भाग लागतील. आणि आरोग्याचा भाग ऐकून चालू गोळी बंद करायची नाही, हे तुम्हाला सांगायला नको, पण ज्यांना पुढं पाठवाल त्यांना सांगा.

हिंदी आपल्याकडं परकी नाही, दखनी ऐकत वाढलेला कान आहे आपला. ‘पुलियाबाजी’ घ्या. प्रणय कोटस्थाने, सौरभ चंद्रा आणि ख्याती पाठक सार्वजनिक धोरणांवर बोलतात. नाव पुलावर बसून हाकलेल्या गप्पांचं असलं तरी तयारी वर्गात जाण्याआधीची असते. गप्पाच हव्या असतील तर आज तक रेडिओचं ‘तीन ताल’. ते लांबलचक आहे, विषय कुठूनही कुठंही जातो, आणि जायलाच पाहिजे. त्यातून ज्ञान मिळवायला जाल तर वैतागाल.

इंग्रजीत तुमच्यासाठी एकच नाव असतं तर ‘इन अवर टाइम’ सांगितलं असतं. १९९८ मध्ये बीबीसी रेडिओ ४ वर सुरू झालं, २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी चालवलं. पाऊण तासाच्या आसपासचा भाग, एक विषय, बहुधा तीन प्राध्यापक, आणि हवापाण्याच्या गप्पा शून्य. पहिल्याच वाक्यात विषयाला हात. हजारावर भाग आहेत, त्यामुळे शोधून ऐका, ओळीनं नाही. अमित वर्मा यांचं ‘द सीन अँड द अनसीन’ जानेवारी २०१७ मध्ये छोट्या भागांनी सुरू झालं आणि पुढं एकेक भाग कित्येक तासांचा झाला. त्याला घाबरू नका. चाळीस मिनिटं ऐका, थांबवा, ॲप जागा लक्षात ठेवतं. टिम हार्फर्ड यांचं ‘फिफ्टी थिंग्ज दॅट मेड द मॉडर्न इकॉनॉमी’ याच्या उलट, नऊ-दहा मिनिटांत एक वस्तू आणि तिनं घडवलेला बदल. चहा उकळेपर्यंत निम्मा भाग होतो.

नवा कार्यक्रम पारखायचा असेल तर ताज्या भागापासून सुरू करू नका आणि पहिल्यापासूनही नको. पहिला भाग सगळ्यांचाच कच्चा असतो. तुम्हाला ज्यातलं पक्कं ठाऊक आहे त्या विषयाचा भाग निवडा. समजा हैदराबाद मुक्तिसंग्रामावर कुणी बोलतंय. पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ ला निजामाची शरणागती आली, हे तरी धड सांगतात का? ‘स्वातंत्र्य मिळालं आणि मराठवाडा महाराष्ट्रात आला’ असं एका दमात उरकत असतील, तर १९४८ (हैदराबादचं विलीनीकरण), १९५६ (द्वैभाषिक मुंबई राज्य) आणि १९६० (महाराष्ट्र राज्य) हे तिन्ही टप्पे त्यांनी गिळलेत. मग जो विषय तुम्हाला ठाऊक नाही त्यात काय काय गिळत असतील, याचा अंदाज बांधा.

प्रश्न : मुलगी लातूरला नीटची तयारी करायली. इंग्रजी सुधारावं आणि अभ्यासही व्हावा म्हणून झोपताना पॉडकास्ट लावते, तेही दुप्पट वेगानं. फायदा होतो का? — एक पालक, औसा

उत्तर : इंग्रजीला होईल, पण अशा पद्धतीनं नाही. बीबीसी लर्निंग इंग्लिशचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ घ्या. दोन निवेदक, सुरुवातीला एक प्रश्न, मधे सहा शब्दांची ओळख, शेवटी उत्तर. संहिता त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. एका भागाला २५ मिनिटं द्यायची. पहिल्यांदा संहितेशिवाय, नेहमीच्या वेगानं ऐकून तीन ओळींत काय कळलं ते लिहायचं. दुसऱ्यांदा संहितेवर बोट ठेवून ऐकायचं आणि कानानं चुकवलेल्या जागी खूण करायची. त्या खुणा बघितल्या तर बहुतेक चुका अवघड शब्दांच्या नसतात, जोडून उच्चारलेल्या सोप्या शब्दांच्या असतात. तिसऱ्यांदा निवेदकाबरोबर मोठ्यानं वाचायचं. आठवड्याला दोन भाग पुरे.

जीवशास्त्र-भौतिकशास्त्र कानानं शिकायला जाऊ नये. नेफ्रॉनची आकृती ऐकून डोळ्यांपुढं येत नाही, आणि प्रश्न नेमका आकृतीतल्या खुणेवर येतो. तिथं एनसीईआरटीचं पुस्तक आणि पेन्सिल. झोपताना ऐकायचंच असेल तर गाणी किंवा गोष्ट लावावी, स्लीप टायमर १५ मिनिटांचा. दुप्पट वेगानं ऐकलं की झोप यायला उशीर होतो एवढंच.

प्रश्न : कापूस-सोयाबीनवरचे पॉडकास्ट ऐकून फवारणीचं ठरवावं का? — एक शेतकरी, सेलू

उत्तर : रोग-कीड ओळखायला ऐका, मात्रा ठरवायला ऐकू नका. मात्रा कानानं हमखास चुकते. बोलणारा ‘१० लिटरला १० मिली’ म्हणतो, ऐकणारा ‘पंपाला १० मिली’ लक्षात ठेवतो, आणि पाठीवरचा पंप असतो १६ लिटरचा. म्हणजे १६ मिली लागतील तिथं १० गेले, कीड मेली नाही, मग पुढच्या खेपेला रागानं दुप्पट. औषधाच्या लेबलावरचा आकडा आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस, या दोनच गोष्टी धरा. भाग कोणत्या तारखेचा आणि कोणत्या भागातल्या जमिनीबद्दल, तेही बघा. विदर्भातल्या सल्ल्यातली पेरणीची तारीख आपल्याकडं जशीच्या तशी लागू होत नाही. हवामानासाठी तर पॉडकास्ट नकोच. विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो बघा.

प्रश्न : कॉलेजच्या नियतकालिकात पॉडकास्टचं परीक्षण लिहिते. सर म्हणतात, ‘फारच छान, नक्की ऐका’च्या पुढं तुझ्याकडं काही नाही. — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : सर बरोबर आहेत. याचं कारण बहुधा असं की तू एकच भाग ऐकतेस, आणि तो सगळ्यांत गाजलेला असतो. किमान तीन ऐक : एक गाजलेला, एक अलीकडचा, आणि एक ज्याच्याकडं कुणी फिरकलेलं नाही. सूत्रधाराची खरी लायकी तिसऱ्यात कळते, कारण तिथं पाहुण्याचं वलय मदतीला नसतं.

वही घे आणि मिनिटासह नोंद कर. विषय कितव्या मिनिटाला सुरू झाला? सूत्रधारानं पाहुण्याला किती वेळा तोडलं, आणि तोडल्यावर प्रश्न विचारला की स्वतःचा अनुभव सांगितला? आकडा सांगितला तेव्हा तो कुठला, हे कुणी विचारलं का? मधूनच ऐकायला लागलेल्याला पाहुण्याचं नाव पुन्हा कळतं का? एकाचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा बारीक, म्हणून सारखा आवाज वरखाली करावा लागतो का? अशी दीडेक पान नोंद झाली की परीक्षण निम्मं लिहून झालेलं असतं.

‘चर्चा अभ्यासपूर्ण होती’ हे वाक्य कुठल्याही कार्यक्रमाला चिकटतं, म्हणून ते कशालाच चिकटत नाही. त्याऐवजी असं लिही : ‘१४ व्या मिनिटाला पाहुण्या म्हणतात की सोयाबीनला हमीभाव मिळाला नाही. हमीभाव आणि मोंढ्यातला भाव यात फरक किती, हे सूत्रधार विचारत नाही. पुढची दहा मिनिटं दोघं सरकारवर चिडतात, पण ऐकणाऱ्याला कशावर चिडायचं ते कळत नाही.’ वाचणाऱ्याला कार्यक्रम ऐकू आला पाहिजे. शिफारस शेवटी एका ओळीत, आणि कुणासाठी ते सांगून. नांदेड-संभाजीनगर रेल्वेत बसलेल्याला जे चालतं ते स्वयंपाक करणाऱ्याला चालेलच असं नाही. तारे-बिरे देऊ नकोस.

प्रश्न : गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करून पॉडकास्ट सुरू केला. ऐकणारे म्हणायलेत, आवाज घुमतो आणि गाडीत ऐकूच येत नाही. एकानं ॲपनं आवाज ‘साफ’ करून दिला तर जातंच गायब झालं! — एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : जातं गायब होणं साहजिक होतं. आवाज साफ करणारी ॲप एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला कचरा समजतात. पंख्याची घरघर आणि जात्याची घरघर यांत त्यांना फरक कळत नाही. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावरच बसलेली असते. ती प्रक्रिया काढून टाका आणि मूळ फाइलपासून पुन्हा करा. मूळ फाइल कुणी व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवली असेल तर ती आधीच दाबली गेलेली असू शकते. यापुढं ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा केबलनं घ्या.

घुमण्याचं कारण खोली. स्लॅबचं छत, फरशी, कोऱ्या भिंती. आवाज आपटून परत येतो आणि एकदा फाइलीत शिरला की निघत नाही. जातं पत्र्याच्या किंवा माळवदाच्या जुन्या खोलीत हलवता आलं तर उत्तम. नाहीच तर बाईच्या पाठीमागं आणि समोर दोरीवर जाड गोधड्या टांगा, जात्याखाली पोतं अंथरा. धान्याची पोती रचलेली खोली असेल तर तीच निवडा, पोती आवाज पितात. पंखा-कूलर बंद. मे महिन्यात ते शक्य नसतं, म्हणून पहाटे साडेपाचला बसा. ओवीची वेळही तीच.

दोन फोन वापरा, दोन्ही विमान मोडवर. एक बाईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. दुसरा जात्यापासून तीन फुटांवर, उशीवर. जमिनीवर ठेवला तर धक्के नोंदतो. दोन्ही चालू केल्यावर एकदा जोरात टाळी वाजवा. संगणकावर दोन्ही फाइलींतला टाळीचा टोकदार उंचवटा एकाखाली एक आणला की त्या जुळतात. लांबलचक बैठक असेल तर शेवटीही एक टाळी, कारण दोन फोनची घड्याळं अर्ध्या तासात किंचित सरकतात.

संपादनाला ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट आहे. नेहमी ८० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खर्जातला आवाज कापायला सांगतात. इथं ते फक्त तोंडाजवळच्या फाइलीला करा, जात्याच्या फाइलीला नाही. नॉइज रिडक्शन (मागची घरघर कमी करणारी सोय) करायचंच झालं तर रेकॉर्डिंगच्या आधीची, जातं थांबलेलं असतानाची पाच सेकंदांची शांतता नमुना म्हणून द्या आणि ६ डीबीवर (डेसिबलवर) थांबा. १२ च्या पुढं गेलात की बाई विहिरीत उतरून गायल्यासारखी वाटते. जात्याची फाइल बाईच्या आवाजाच्या खाली, ऐकू येईल इतकीच ठेवा.

गाडीत ऐकू न येण्याचं कारण एकूण पातळी कमी असणं. शेवटची पायरी म्हणून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावा : मोनो असेल तर उणे १९ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप), स्टिरिओ असेल तर उणे १६. त्यानंतर लिमिटर उणे १ डीबीवर, म्हणजे वरचे उंचवटे फाटत नाहीत. मग मोनो एमपी३, १२८ केबीपीएस. बोलण्याला ९६ पुरतात, गळ्याला नाही.

आणि प्रत्येक भागाच्या माहितीत बाईचं नाव, गाव, तारीख आणि ओवीचे शब्द लिहा, अर्थात तिला विचारून. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) संकेतस्थळावर आहे. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि नोंद कशी ठेवायची ते तिथं बघायला मिळेल.

सुधारलेली फाइल चढवताना नवा भाग करू नका, जुन्या भागातच फाइल बदला, म्हणजे दुवा तोच राहतो. मात्र ज्यांनी जुनी उतरवून घेतली आहे त्यांच्या फोनात घुमणारीच राहील. भागाच्या वर्णनात ‘आवाज सुधारला आहे, जुनी प्रत काढून पुन्हा उतरवा’ अशी ओळ टाका.